लेन्स हलकी हवी, हलक्या प्रतीची नव्हे

ट्रेकला जाताना कॅमेऱ्याला कोणती लेन्स लावायची? दुकानदार एक सांगतो, यूट्यूबवाला दुसरं आणि ग्रुपमधला सीनियर तिसरंच. त्यापेक्षा आपण कोणत्या डोंगरावर चाललोय ते आधी बघू या आणि मग लेन्सकडे वळू.

मराठीत ‘हलका’ या शब्दावर जरा अन्यायच झालाय. हलकं कापड, हलका माल, हलक्या प्रतीचं लाकूड. वजन कमी म्हणजे दर्जा कमी, असं आपण धरूनच चालतो. सातपूरसारख्या कारखान्यांच्या भागात तर जास्तच. इथे घरटी कुणीतरी मशिनवर उभं राहणारं असतं आणि वजनदार जॉब हातात घेऊन ‘याला म्हणतात माल!’ म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत भेटतात. मग त्याच गल्लीतल्या कॉलेजच्या पोरापोरींनी लेन्स घेतानाही तोच नियम लावला तर नवल नाही. जड लेन्स म्हणजे प्रोफेशनल, हलकी म्हणजे खेळणं!

लेन्सच्या बाबतीत हा नियम अर्धाच खरा आहे. डोंगरावर तर तो चक्क उलटा पडतो.

लग्नाची किट, ट्रेकची पाठ

रविवारी पहाटे त्र्यंबक रोडवर पपया नर्सरीच्या सिग्नलजवळ थोडा वेळ थांबून बघा. बाइकवर दोघं-दोघं, पाठीला सॅक, पायात ट्रेकिंगचे बूट. कुणी अंजनेरीला, कुणी ब्रह्मगिरीला, तर कुणी त्र्यंबकच्याही पुढे हरिहरला. सातपूरकरांना डोंगर असे दाराशीच आहेत. त्यातल्या बऱ्याच सॅकमध्ये कॅमेराही असतो.

हा कॅमेरा पुष्कळदा लग्नाच्या ऑर्डरसाठी घेतलेला असतो. कधी हप्त्यावर, कधी दोघा-तिघांनी पैसे काढून. लग्नाच्या हॉलमध्ये उजेड कमी, माणसं सतत हलणारी, त्यामुळे तिथे एफ २.८ ची मोठी झूम लेन्स लागतेच. प्रश्न असा की, रविवारी डोंगरावर तीच किट उचलून न्यायची का?

जरा हिशेब करू. कॅननची ईएफ २४-७० एफ २.८ एल (दुसरी आवृत्ती) ८०५ ग्रॅमची. ईएफ ७०-२०० एफ २.८ एल आयएस (तीही दुसरी आवृत्ती) १४९० ग्रॅमची. दोन्ही मिळून २२९५ ग्रॅम, म्हणजे जवळपास सव्वादोन लिटर पाण्याइतकं वजन. आता याच कंपनीच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या तीन साध्या लेन्स घ्या. १०-१८ एमएम २४० ग्रॅम, २४ एमएम १२५ ग्रॅम आणि ५५-२५० एमएम एसटीएम ३७५ ग्रॅम. तिन्हींचं वजन ७४० ग्रॅम. तीन लेन्स घेऊनही वजन तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी!

मधला फरक दीड किलोचा. खोलीत बसून हा आकडा किरकोळ वाटतो. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात साल्हेरच्या चढावर तोच दीड लिटर पाण्याचा प्रश्न होतो. सॅकमध्ये जागा तेवढीच, पाठ तेवढीच. जड लेन्स भरली की बाहेर काय राहतं? अनेकदा पाण्याची दुसरी बाटली. ही अदलाबदल परवडणारी नाही.

गळ्यातलं वजन आणि हरिहरच्या पायऱ्या

ज्यांनी हरिहर केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कातळात कोरलेल्या, जवळपास उभ्या पायऱ्या आणि हात रोवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. चढताना अंग कातळाला चिकटलेलं लागतं. अशा वेळी दोन किलोचा कॅमेरा गळ्यात असेल तर तो पोट आणि कातळ यांच्या मध्ये येतो, आपल्याला मागे रेटतो. वाकलं की पुढे झुलतो. एक हात आपोआप तो सांभाळायला जातो आणि खोबणीत एकच हात उरतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवरही थोड्याफार फरकाने हेच.

त्यामुळे अशा टप्प्यावर पहिला नियम लेन्सचा नाहीच. कॅमेरा सॅकमध्ये, चेन बंद, दोन्ही हात मोकळे. फोटो पायऱ्या सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. उतरताना तोंड कातळाकडे आणि लक्ष पायाकडे. पावसाळ्यात फोटोच्या नादात पाय घसरल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतोच.

लेन्सचा संबंध इथून पुढे येतो. छोटी लेन्स लावलेला कॅमेरा सॅकच्या वरच्या कप्प्यात मावतो. सपाटीवर आलो की दहा सेकंदांत बाहेर, फोटो झाला की आत. मोठी किट मात्र तळाशी, टॉवेल आणि जर्किनच्या खाली गुंडाळलेली असते. ती काढायची म्हणजे थांबा, बसा, सगळं उपसा. दोनदा काढली की तिसऱ्यांदा कंटाळा येतो. तेवढ्यात ढग सरकून समोरचा डोंगर मिनिटभर दिसतो आणि पुन्हा झाकला जातो. म्हणून ट्रेकसाठी चांगली लेन्स कोणती, याचं माझ्या मते सरळ उत्तर आहे : दमलेलो असतानाही जी बाहेर काढावीशी वाटते ती.

हे वजन येतं कुठून?

थोडं गणित, पण सोपं. लेन्सवर लिहिलेला एफ आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. २०० एमएमला एफ २.८ हवं असेल तर २०० भागिले २.८, म्हणजे सुमारे ७१ मिलिमीटरची वाट लागते. पुढची काच किमान तेवढी रुंद हवीच. उलट २५० एमएमला एफ ५.६ चालत असेल तर सुमारे ४५ मिलिमीटर पुरतात. काच रुंद झाली की जाडही होते, म्हणून वजन व्यासापेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. लेन्स जड असते ती मुख्यतः या जास्त प्रकाशाच्या हौसेपायी.

दुसरं कारण सेन्सर. फुल फ्रेम सेन्सर झाकायला मोठं प्रतिमावर्तुळ लागतं, क्रॉप सेन्सरला छोटं पुरतं. छोटं वर्तुळ म्हणजे कमी काच. तिसरं कारण आरसा. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो, त्यासाठी अंतर सोडावं लागतं. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर होतं, मिररलेसच्या आरएफमध्ये २० आहे. निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ वर आलं. आरसा गेल्यामुळे विशेषतः वाइड लेन्स छोट्या बनवणं सोपं झालं. कॅननच्या क्रॉप मिररलेससाठीची आरएफ-एस १०-१८ एमएम लेन्स १५० ग्रॅमची आहे. डीएसएलआरसाठीची तिची बहीण २४० ग्रॅमची.

चौथं कारण प्लास्टिक. हलक्या लेन्सची बॉडी आणि अनेकदा माउंटही प्लास्टिकचा असतो. आदळआपट झाली तर धातू जास्त टिकतो हे खरंच. पण चित्र काचेतून उमटतं, बाहेरच्या नळीतून नाही. ‘प्लास्टिक आहे म्हणजे फोटो खराब’ हा गैरसमज डोक्यातून काढून टाका.

उन्हात एफ २.८ चं काय करणार?

फोटोग्राफीत ‘सनी सिक्स्टीन’ नावाचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख ऊन असेल तर एफ १६ ला शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा. म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. आता एफ १६ वरून एफ ८ ला आलात तर चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे शटर सेकंदाच्या चारशेव्या भागावर जातो. हात थोडा थरथरला तरी वाइड फोटो हलत नाही. म्हणजे दिवसाच्या लँडस्केपला एफ २.८ लागतच नाही. उलट जवळचं गवत आणि दूरचा सुळका दोन्ही स्पष्ट हवे असतील तर आपण मुद्दाम एफ ८ ला जातो.

क्रॉप कॅमेऱ्याला १८ एमएम, एफ ८ ठेवून सव्वादोन मीटरवर फोकस केला तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हे काम कॅमेऱ्यासोबत फुकटात आलेली १८-५५ किट लेन्स करते. एफ ८ ला किट लेन्स आणि लाखाच्या पुढची लेन्स यांतला फरक इन्स्टाग्रामवर तर सोडाच, ए-४ आकाराच्या प्रिंटमध्येही सहज ओळखू येत नाही. किट लेन्सला शिव्या देणं ही आपल्याकडे फॅशन आहे. वापरून मग बोलू या.

एफ २.८ किंवा त्याहून कमी आकडा खरोखर कामाला येतो तो तीन ठिकाणी. लेण्यांच्या आत, संध्याकाळ उलटल्यावर मुक्कामाच्या गप्पांत आणि रात्री तारे टिपताना. ताऱ्यांसाठी एफ ४.५ च्या तुलनेत एफ २.८ ला सुमारे अडीचपट प्रकाश मिळतो, हा फरक मोठा आहे. पण त्यासाठीही जड झूम लागत नाही. छोटी प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स हे काम करते. कॅननची आरएफ १६ एमएम एफ २.८ ही १६५ ग्रॅमची आहे.

डोंगर बघा, मग लेन्स निवडा

‘ट्रेकिंगसाठी बेस्ट लेन्स कोणती?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. कोणता ट्रेक, ते आधी सांगा!

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा : अर्धवर्तुळात आत वळलेला प्रचंड कडा. काठावरून तो एका फ्रेममध्ये बसवायचा तर वाइडच हवी. क्रॉप कॅमेऱ्यावर १० एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या १५-१६ एमएमइतका कोन. इथे १०-१८ किंवा निकॉनची एएफ-पी १०-२० (२३० ग्रॅम) काम फत्ते करते. पण वाइड लेन्सची एक खोड लक्षात ठेवा. तिच्यातून कडा दूर वाटतो आणि नकळत आपण एक पाऊल पुढे टाकतो. डोळ्याला कॅमेरा असताना पाय हलवायचे नाहीत, हा नियम इथे पाळायलाच हवा.

साल्हेर आणि धोडप : साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्येही त्याचं नाव आहे. माथ्यावर परशुरामाचं मंदिर आहे आणि तिथून मांगी-तुंगीचे सुळके, मुल्हेर, सालोटा अशी सगळी बागलाणची रांग दिसते. इथे वाइड लेन्स लावली की हे सगळं मुंगीएवढं होतं आणि फोटोत उरतं नुसतं आभाळ. रांगेमागे रांग, मधे धुक्याचे थर असा फोटो हवा असेल तर ५५-२५० सारखी हलकी टेली लेन्सच हवी. धोडपच्या कातळभिंतीतली प्रसिद्ध खाचही लांबून टेलीमध्येच उठून दिसते.

अंजनेरी : पावसाळ्यात इथे नजर वर नाही, खाली ठेवायची. या डोंगराच्या नावावरून ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, इथलीच. फुलांसाठी लेन्स किती जवळून फोकस करते ते बघा. कॅननची २४ एमएम पॅनकेक १६ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे फुलासोबत मागचा डोंगरही फोटोत येतो. फुलाशेजारी आडवं पडताना दुसरी चार रोपं चिरडली जात नाहीत ना, तेही बघा. आणि दुर्मीळ फुलाचं नेमकं ठिकाण टॅग करू नका. फोटो पुरे.

नांदूरमधमेश्वर : इथे मात्र हलक्या लेन्सने हात टेकावेत. रामसर दर्जा मिळालेलं राज्यातलं हे पहिलं पाणथळ क्षेत्र. हिवाळ्यात पक्षी भरपूर, पण लांब. २५० एमएममध्ये बदकांचा थवा सुंदर येतो, एकटा पक्षी मात्र ठिपकाच राहतो. पक्ष्यांचे फोटो काढणारे १५०-६०० एमएम लेन्स घेऊन बसतात, तिचं वजन दोन किलोच्या आसपास असतं. पण ते तिथे बसतात, डोंगर चढत नाहीत. जड लेन्स वाईट नसते, तिची जागा वेगळी असते.

खिशातला फोन विसरू नका

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. वाइड फोटोसाठी तुमच्याकडे आधीच एक लेन्स आहे. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमचा कोन देतो, बऱ्याच फोनमध्ये त्याहून वाइडही असतो. दिवसाच्या चांगल्या उजेडात तो छान फोटो देतो. मग दीडशे-दोनशे ग्रॅम आणि वर हजारो रुपये खर्च करून तेच पुन्हा कशाला विकत घ्यायचं?

फोनला जे जमत नाही त्यावर पैसे घाला. लांबचं ओढून आणणं आणि कमी उजेडात पार्श्वभूमी धूसर करत माणूस उठावदार दाखवणं. म्हणजे पहिली खरेदी हलकी टेली किंवा छोटी प्राइम. वाइड त्यानंतर, तीसुद्धा वाइडमध्ये तुमचं खरंच मन रमतंय असं दिसलं तर. बजेट आवळलेलं असेल तेव्हा हा क्रम फार उपयोगी पडतो.

तुमच्याकडे कॅमेरा कोणता?

कॅनन डीएसएलआर (१५००डी, २००डी वगैरे) : किट १८-५५ असतेच. तिच्या जोडीला ५५-२५० एसटीएम घेतली की दिवसाच्या ट्रेकचं काम झालं. दोन्हींना ५८ एमएमचा फिल्टर बसतो, म्हणजे एकच पोलरायझर दोघींना चालतो. ओल्या पानांवरची आणि धबधब्याजवळच्या कातळावरची चकाकी त्याने कमी होते. माणसांचे फोटो जास्त काढत असाल तर ५० एमएम एफ १.८ एसटीएम, १६० ग्रॅम. क्रॉपवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे पोर्ट्रेटला मस्त, पण तंबूत बसलेल्या सगळ्या ग्रुपला ती फ्रेममध्ये घेणार नाही. त्यासाठी २४ एमएम.

निकॉन डीएसएलआर : ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स, २०० ग्रॅम. ही एकच लेन्स लावून आख्खा ट्रेक करता येतो. एक सावधगिरी मात्र हवी. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. म्हणून स्वस्तात मिळते म्हणून जुनी ५० एमएम एफ १.८ डी घेतली तर ऑटोफोकस चालणारच नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असायला हवं. एएफ-पी लेन्सही काही जुन्या बॉडींवर नीट चालत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

मिररलेस : इथे किट लेन्सच खूप हलक्या आहेत. सोनीची १६-५० पॉवर झूम ११६ ग्रॅम, कॅननची आरएफ-एस १८-४५ एमएम १३० ग्रॅम, निकॉनची झेड डीएक्स १६-५० एमएम १३५ ग्रॅम. टेलीसाठी सोनी ५५-२१० (३४५ ग्रॅम), कॅनन आरएफ-एस ५५-२१० (२७० ग्रॅम), निकॉन झेड डीएक्स ५०-२५० (४०५ ग्रॅम). डीएसएलआरच्या जुन्या लेन्स अडॅप्टरने लावता येतात, फक्त वजनात त्याचीही भर धरा. कॅननचा साधा अडॅप्टर ११० ग्रॅमचा आहे.

एकच ‘सगळं करणारी’ लेन्स घ्यावी का? कॅनन आरएफ-एस १८-१५० (३१० ग्रॅम) किंवा सोनी १८-१३५ (३२५ ग्रॅम) हे पर्याय ट्रेकसाठी खरंच भारी आहेत. दोन लेन्सचं काम एकीत होतं. शिवाय वाऱ्यात, धुळीत, पावसाच्या भुरभुरीत लेन्स बदलावी लागत नाही, म्हणजे सेन्सरवर कचरा जात नाही. १८-३०० सारखी लेन्स मात्र ६०० ग्रॅमच्या आसपास जाते. तिथे ‘हलकी’ हा मुद्दाच संपतो.

घाट, पाऊस आणि बुरशी

हलक्या आणि स्वस्त लेन्समध्ये सहसा पाणीरोधक सीलिंग नसतं. त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यातला पाऊस ही त्यांची खरी परीक्षा. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडने आवळलेली. पुढे लेन्स हूड. खिशात दोन कोरडी मायक्रोफायबर कापडं, कारण पहिलं अर्ध्या तासात भिजणारच.

खरा शत्रू मात्र घरी आल्यावर कामाला लागतो. ओला कॅमेरा बॅगेत तसाच ठेवून दिला की काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती साफ करण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीएवढा होतो. महागडं ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालेल. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा मागून घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आधी लेन्स पंख्याखाली वाळवायची, मग डब्यात. आईला डबा परत मिळणार नाही, हे मात्र आधीच सांगून टाका.

आणखी एक. चढ चढून आल्या आल्या टेली लेन्सने काढलेले फोटो हलतात. दोष लेन्सचा नसतो, आपण धापा टाकत असतो. २५० एमएमला क्रॉप कॅमेऱ्यावर शटर निदान सेकंदाचा चारशेवा भाग ठेवा, स्टॅबिलायझर चालू करा, दगडाला टेका आणि श्वास शांत झाल्यावर क्लिक करा. तोवर दोन घोट पाणी प्या.

जुनी घेताना टॉर्च सोबत न्या

विद्यार्थ्यांसाठी सेकंडहँड लेन्स हा उत्तम मार्ग आहे. किट आणि टेली लेन्स बाजारात भरपूर येतात, कारण खूप जण त्या लवकर विकतात. बघायला जाताना स्वतःचा कॅमेरा आणि फोनचा टॉर्च घेऊन जा. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. बारीक धूळ चालते, पांढरट धागे किंवा धुरकट थर चालत नाही. झूमची रिंग फिरवताना खरखर होते का? ऑटोफोकस जवळ आणि दूर दोन्हीकडे झटकन बसतो का? भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून एक फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एक कोपरा कायम धूसर असेल तर लेन्स आपटलेली असू शकते.

घेण्याआधी भाड्याने मिळत असेल तर एका रविवारसाठी घ्या, किंवा मित्राची मागा. त्याहून सोपा उपाय म्हणजे तुमच्याकडच्या जुन्या ट्रेकचे फोटो उघडा. त्यांच्या माहितीत फोकल लेंथ दिसते. आवडत्या पन्नास फोटोंचे आकडे कागदावर उतरवा. बहुतेक १८ ला असतील तर तुम्हाला वाइड हवी आहे. बहुतेक ५५ ला अडकले असतील तर टेली. तुम्हाला काय हवंय ते हे फोटो यूट्यूबवरच्या रिव्ह्यूपेक्षा नेमकं सांगतील.

चौकट : सॅक भरण्याआधी

• तीन गोष्टींची जोडी लक्षात ठेवा : जास्तीत जास्त दोन लेन्स, निदान दोन लिटर पाणी, अवघड टप्प्यावर दोन मोकळे हात.

• दिवसाचा ट्रेक : किट लेन्स आणि हलकी टेली. वाइडसाठी फोन.

• मुक्कामाचा ट्रेक : किट लेन्स आणि एक छोटी प्राइम. वजनदार ट्रायपॉडऐवजी छोटा ट्रायपॉड किंवा दगडावर ठेवलेली सॅक.

• फुलांचा पावसाळी ट्रेक : जवळून फोकस होणारी एकच लेन्स. वाटेत बदलायची नाही.

• पक्षी : जड लेन्स चालेल, कारण चढ नाही. आधी भाड्याने घेऊन बघा.

• जादा लेन्स स्वच्छ, जाड मोज्यात गुंडाळून सॅकच्या मध्यभागी ठेवा. दोन्ही झाकणं लावलीत ना, एकदा बघा.

• निघायच्या आदल्या संध्याकाळी कॅमेरा, लेन्स, बॅटरी सगळं एका पिशवीत घालून गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. काटा सव्वा किलोच्या पुढे गेला तर काहीतरी घरी ठेवून जा.